विहिरीवरचा डबा

मामांना जाऊन महिना उलटला. तरी गारखेड्यातल्या घरी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, की मी दचकतो. छाती दाबून धरतो. कानांत तेच पाणी शिरल्यासारखं वाटतं…

देवगाव रंगारीच्या विहिरीत पोहायला मला मामांनीच शिकवलं. माझ्या पाठीला तेलाचा रिकामा, झाळून बंद केलेला डबा बांधायचे, गाठ दोनदा ओढून पाहायचे आणि मगच म्हणायचे, "आता उतर." काठावरचे लोक चिडवायचे, तर मामा म्हणायचे, "हसा लई. पाणी कुणाचं सोयरं नसतं."

त्यांनी समुद्र पाहावा, हा हट्ट माझा. कोकणात खाडीतून बाहेर पडून किल्ल्याकडे जाणाऱ्या छोट्या होडीत आम्ही बसलो. खाडी समुद्राला मिळते तिथं पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो, आणि ओहोटीचं पाणी बाहेर धावताना समोरून येणारी लाट तिथंच उसळून फुटते, हे मला नंतर कळलं. लाइफ जॅकेटं पुढच्या फळीखाली दोरीनं करकचून बांधलेली होती. मामांनी मागितली.

"पाच मिनटांचं काम, आजोबा. कशाला हवीत?" नावाडी म्हणाला.

सगळे हसले. मीही. "मामा, तुम्ही तर विहिरीचे राजे!"

"विहिरीला काठ असतो, भाच्या. इथं कुठंय?"

मला लोकांची लाज वाटली. "राहू द्या ना आता," म्हणालो. माझ्या शब्दाखातर ते गप्प बसले…

होडीचा तळ वाळूला घासला. पुढचं टोक उचललं गेलं, सगळे किंचाळत एका बाजूला सरकले, आणि मग नाकातोंडात खारट अंधार. वर आलो तेव्हा मामा हाताच्या अंतरावर होते. डिझेलचा रिकामा कॅन त्यांनी माझ्या छातीखाली कोंबला.

"धर. डबा हाय."

पुढची लाट फुटली. त्यानंतर मामा दिसले नाहीत.

मागल्या आठवड्यात देवगावला गेलो. विहिरीच्या खुंटीला डबा लटकत होता. मामी म्हणाली, "घिऊन जा. तुझाच हाय तो." मी तो पाठीला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. घट्ट होती. तरी पहिल्या पायरीच्या खाली उतरवेना… मी तिथंच बसून राहिलो. मग डबा सोडून परत खुंटीला अडकवला.

"नेत नाय व्हय?"

"नको, मामी. पाण्याजवळच असू द्या. हाताशी."