दारातली मोठी गाडी

नव्या गाडीचा वास लोकांना आवडतो म्हणे. मला त्या वासाने पहिल्याच आठवड्यात मळमळायला लागलं. कातडं, प्लास्टिक आणि त्यावर कसलासा गोडसर दर्प. काच खाली केली की शेजारच्या शेतातल्या शेणखताचा वास आत यायचा, आणि खरं सांगतो, तो बरा वाटायचा.

गाडी म्हणजे पिकअप. अमेरिकेत बनलेला, तिकडूनच मागवलेला, पूर्ण आकाराचा. मागे उघडा हौदा, पुढे माझ्या छातीला लागेल इतकं उंच बॉनेट, स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे इथल्या गाड्यांच्या उलट. आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेर आम्ही राहतो तिथले रस्ते म्हणजे दोन्हीकडे दगडी बांध, त्यावर काटेरी झुडपं आणि मधे एका गाडीपुरती वाट, तीही बारीक गाडीपुरती. मी हाडांचा डॉक्टर. मला शेती नाही, मेंढ्या नाहीत, बांधकाम काढलेलं नाही. एका ओळखीच्या माणसाकडे असलं धूड पाहिलं आणि ते माझ्या डोळ्यांत भरलं, एवढंच खरं कारण. लोकांना सांगायचं कारण वेगळं होतं. आई येतेय, तिला ऐसपैस फिरवायला हवं. आमची छोटी हॅचबॅक मी याच्या बदल्यात देऊन टाकली. बायको म्हणाली होती, "अरे, आई जाईपर्यंत ती राहू दे की." मी ऐकलं नाही.

आई अकोल्याहून सहा आठवड्यांसाठी आली होती. सत्तरी ओलांडलेली, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच एकटी विमानात बसलेली. ती पुन्हा येऊ शकेल असं मला वाटत नव्हतं, आणि तिला तर मुळीच वाटत नव्हतं. शॅननच्या विमानतळावरून त्या छोट्या गाडीत बसून घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मले इकडचा समुद्र एक डाव दाखवजो बापा. बाकी काई नको." समुद्र आमच्या घरापासून पाऊण तासावर. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "एकदाच काय, दर रविवारी नेतो."

दुसऱ्या दिवशी पिकअप दारात आला. आईने पूजेची तयारी करूनच ठेवली होती. नवी गाडी पूजेशिवाय हलवायची नाही आणि पूजा झाली की घरातल्या मोठ्या माणसाने आधी बसायचं, ही आमच्याकडची रीत. कुंकवाचं बोट घेऊन आई बॉनेटसमोर उभी राहिली, टाचा उंचावल्या, हात वर केला. हात पोचेना. बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, पण ओल्या फरशीवर आईला त्याची भीती वाटली. शेवटी तिने नंबरप्लेटवर स्वस्तिक काढलं. माझी मुलगी बाजूला मोबाइल घेऊन उभी होती. ती इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजीच, तेही इथल्या सुरात. "डॅड, आय'म मॉर्टिफाइड," ती म्हणाली. तिला लाज वाटत होती आणि मी मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढून घेत होतो.

मग आईला बसवायचं. दाराखालची पायरीच तिच्या गुडघ्याच्या वर. तिने पदर खोचला, एक पाय टाकला, दांडी धरली, आणि दुसरा पाय काही जमीन सोडेना. मी मागून उचललं. रोज म्हाताऱ्या माणसांना उठायला-बसायला शिकवणारा मी, आणि माझ्या आईला मी पोत्यासारखं वर ढकललं. तिची नडगी पायरीच्या कडेवर घासली. "काई नाई झालं," ती म्हणाली. सीटवर बसल्यावर तिचे पाय लोंबकळत होते. मी गावाला एक फेरी मारली. झुडपं दोन्ही बाजूंनी काचेवर खरवडत होती, समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मी एवढं मोठं धूड मागे घेत घेत एका फाटकापर्यंत नेलं, आणि तेवढा वेळ आई डोळे मिटून दांडी धरून बसली होती. उतरवताना तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. मला वाटलं, कौतुकाने.

पहिल्या रविवारी आई म्हणाली, थंडी फार आहे. दुसऱ्या रविवारी तिची मालिका होती. तिसऱ्या रविवारी एकादशी. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "गुडघे बोलून राह्यले आज. तुम्हीच जाऊन या." मी डॉक्टर, मी लगेच मान डोलावली. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं की आईचे गुडघे गेले, कुठे नेता येत नाही. तपासायचं मात्र मला एकदाही सुचलं नाही.

इकडे गाडी माझं रक्त पीत होती. पार्किंगच्या फाटकापाशी तिकिटाचं यंत्र उजवीकडे, मी डावीकडे. खाली उतरा, वळसा घाला, वाकून तिकीट घ्या, पळत परत चढा, तोवर मागे हॉर्न. एका जागेत गाडी मावेना म्हणून दोन जागा अडवायच्या आणि परत येताना लोकांच्या नजरा झेलायच्या. पट्टा लावला नाही तर ओरडणार, कुंपण जवळ आलं तर ओरडणार, आणि इथे कुंपण कायमच जवळ. आणि हौदा! मी आयुष्यात त्यात काय वाहिलं असेल, तर तांदळाचं एक पोतं. ते प्रत्येक वळणावर या टोकाकडून त्या टोकाला धडकत घरी आलं आणि पावसाने भिजून फुगलं. शेजारचा म्हातारा शेतकरी चिखलाने माखलेल्या आपल्या जुन्या गाडीला टेकून ते बघत होता. यात काय वाहणार, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, किराणा. त्याने वाकून हौद्यात पाहिलं आणि म्हणाला, "ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चाललंय. पण त्याने ते असं काही म्हटलं की मला हौद्यात जाऊन लपावंसं वाटलं. मला त्या गाडीची शिसारी यायला लागली होती. तिचं चकचकीत नाक, ते गुरगुरणं, आत बसल्यावर माझं नाव घेऊन स्वागत करणारा तो पडदा. पण ग्रुपवर अभिनंदनाचे हार अजून येतच होते, त्यामुळे तोंड दाबून बसलो होतो.

सहाव्या आठवड्यात, आईचं विमान तीन दिवसांवर असताना, मी दुपारी ड्यूटीवरून लवकर आलो. आई पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून मावशीशी फोनवर बोलत होती. मी बूट काढता काढता ऐकलं.

"अवं, रोज फिरवते ना मले! लय उंच गाडी हाय. वर बसलं का सारं गाव दिसते. समुद्र? चार डाव पाह्यला. पोरगा म्हने, आजून चल, म्याच म्हटलं का पुरे आता." मग जरा थांबून, "हो, सुखात हाय. मायच्यासाठीच घेतली त्यानं."

मी एक बूट पायात, एक हातात असा तिथेच उभा राहिलो. त्या गाडीत ती आयुष्यात एकदाच बसली होती. माझा इतका तिटकारा मला कधीच आला नव्हता, गाडीचासुद्धा नाही.

तिने फोन ठेवला तेव्हा मी आत गेलो. "आई, आत्ता टॅक्सी बोलावतो. समुद्रावर जाऊ."

मी ऐकलंय हे तिच्या लक्षात आलं. ती जरा ओशाळली, मग तिने जोरात मान हलवली. "नाई. येवढी मोठी गाडी दारात उभी असताना भाड्याच्या गाडीत बसू? सारे शेजारी खिडकीतून पाह्यतात. तुले हासतीन."

"हसू दे."

"तुले चालन. मले नाई चालत."

मी पुष्कळ विनवलं. ती जागची हलेना. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "गाडी रिपेरले देली, असं सांगता येते."

मी टॅक्सीला फोन केला आणि किल्ली घेतली. धूड बाहेर काढलं आणि दीड मैलावरच्या सुपरमार्केटच्या मागे, मालाच्या फाटकापलीकडे, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं उभं केलं. मग पावसातून चालत परत आलो. पन्नाशीतला माणूस, स्वतःच्या हौसेने घेतलेली गाडी चोरीच्या मालासारखी लपवून ओल्या बुटांनी घरी चाललेला. शेजारचा म्हातारा फाटकावर होता. गाडी कुठे, म्हणाला. दुरुस्तीला, मी म्हणालो.

मी पोचलो तेव्हा टॅक्सी आधीच दारात येऊन थांबली होती. साधी, बुटकी, जुनी गाडी. आई स्वेटरवर शाल घेऊन पायरीवर तयार उभी. "थांब, हात देतो," असं म्हणत मी फाटकातून पळत आत शिरलो. तोवर तिने स्वतःच दार उघडलं, बसली, दोन्ही पाय आत घेतले, माझ्यासाठी पलीकडे सरकली आणि पट्टा ओढून खटकन लावला.

तिचे गुडघे ठणठणीत होते.