प्रार्थनेत उघडे राहिलेले डोळे

मंडळी, आज धसईजवळच्या वाडीवर मुलांना येशूच्या गोष्टी सांगायला गेले होते. शेवटी प्रार्थनेसाठी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. छोट्या मंगलीचे मात्र टक्क उघडे! (मला कसं कळलं, ते विचारू नका.)

"का गं मंगले, डोळे का नाही मिटलेस?" मी जरा रागावूनच विचारलं.

तिचा रांगता भाऊ दाराकडे निघाला होता आणि त्याचा सदरा तिने मुठीत धरला होता. आई-बाबा भात कापायला गेलेले.

"मी मिटले तर ह्याला कोन बघल, ताई? देव तरी मिटतो का?"

आम्ही पुन्हा प्रार्थना केली. या खेपेला बाळ माझ्या मांडीवर होतं. मंगलीने डोळे गच्च मिटले, मी उघडे ठेवले.

तुमच्या घरी प्रार्थनेच्या वेळी बाळाला कोण बघतं?