उरलेला डोळा

माझा डावा डोळा तरुणपणीच गेला. चिंचणीत आमच्या घरी डायचं काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची; सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतो. एकदा छिन्नीची कपची उडाली आणि डोळ्यात घुसली. पुढचं सगळं, लग्न, मुलगी, काम, मी उजव्या डोळ्यावर निभावलं. बायको रस्त्यात कायम माझ्या डाव्या हाताला चालते. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

साठी उलटल्यावर त्या उजव्या डोळ्यापुढेही धूर धरल्यासारखं व्हायला लागलं. आधी मी चष्म्याला दोष दिला, मग दिव्याला. कोयरीतली बारीक रेघ दिसेना तेव्हा नखाने चाचपून कोरायला लागलो. शेवटी एका सोनाराने डाय परत पाठवली. नक्षी एका अंगाला कलली होती. मुलगी पालघरला राहते. तिने ऐकून घेतलं आणि मला तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, ते गढूळ झालंय."

"थेंबांनी नाही जायचा?"

"नाही. भिंग काढून दुसरं बसवावं लागतं."

"मग पिकू देतो जरा."

"पूर्वी तसं करत. आता उलट आहे. जास्त पिकला की भिंग कडक होतं आणि काढायला जड जातं. तुमचं आत्ताच बरंच कडक आहे."

मी विचारलं, "आणि बिघडलं तर?"

त्या म्हणाल्या, "बहुतेकांचं चांगलं होतं. मागचा पडदाही चांगला आहे तुमचा. पण जंतू जाणं, सूज येणं, क्वचित नजर जाणं, हे अजिबात होत नाही असं मी सांगणार नाही. इतरांना दुसरा डोळा असतो. तुम्ही घरी बोला, आणि ठरवा."

घरी बोलायला काही उरलंच नाही. बायकोने पहिल्याच वाक्याला तोडलं. "नाय करायचं. धूसर तर धूसर, दिसतंय ना? हा पण गेला तर मी कुठून आणू?"

मुलगी चिडली. मी मात्र मनातून सुटलो. कुणी विचारलं की सांगायचो, हिला नको आहे.

पुढे एका संध्याकाळी आम्ही दोघं बोईसरच्या बाजारातून निघालो होतो. तिच्या माहेरच्या कुणीतरी मागून हाक मारली आणि ती थांबली. मला वाटलं, ती बाजूलाच आहे. मी रस्त्यात उतरलो. समोरून दिवे आले. पूर्वी दिवा दिसला की गाडी किती लांब आहे ते कळायचं. आता तो उजेड डोळ्यात शिरला आणि पसरला. रस्ता, माणसं, सगळं पांढरं झालं. मी मध्येच उभा राहिलो. पुढे जावं की मागे, तेच कळेना. हॉर्न अंगावर आला, आणि कुणीतरी कॉलर धरून मला इतक्या जोरात ओढलं की शर्टाचं बटण तुटलं. टँकर घासून गेला. ड्रायव्हर ओरडला, "अंधे हो क्या?"

कॉलर बायकोच्या हातात होती. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "पोरीला फोन लावा. तारीख घ्यायला सांगा."

तिने होकार दिला. आता नको म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "दिवाळी होऊन जाऊ दे."

"दिवाळी बघायची हाय ना तुमाला?" ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी डोळ्याशेजारी सुई टोचून तो बधिर केला. दुखलं नाही. अंधुक रंग हलताना दिसत होते, पाण्यासारखं काहीतरी वाहत होतं. डॉक्टरीणबाई बोलत होत्या, "छान, हलू नका." मग त्या बोलायच्या थांबल्या. फक्त यंत्राचा आवाज. मी चादर मुठीत घट्ट धरली. विचारावंसं वाटलं, पण विचारताना डोकं हललं तर? बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "कडक होतं, म्हणून वेळ लागला. भिंग बसलंय."

वर पट्टी आली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. मुलीच्या घरी नेलं. ते घर मला सवयीचं नव्हतं; पलंगाची कड कुठे, दार कुठे, काही कळेना. बायको हात धरून मोरीपर्यंत न्यायची. जेवताना पाण्याचा पेला लवंडला, तो मी पाडला की तिने, तेही मला समजलं नाही. मुलगी पुसताना म्हणाली, "बाबा, एक रात्रच काढायची आहे." मी मान हलवली. हे असंच कायमचं राहिलं तर, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी पट्टी काढली. "किती बोटं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बोटं कुठे आहेत?" मी म्हणालो. समोर नुसतं दूध होतं, आधीपेक्षाही दाट.

बायकोचा हात माझ्या खांद्यावर होता. ती म्हणाली, "गेला काय, मॅडम?"

"नाही. बुबुळासमोरची काच सुजली आहे. कडक भिंग फोडताना जास्त ताण पडला. थेंब चुकवू नका, ओसरेल."

ते मला खरं वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाला कुणीही असंच सांगेल, असं वाटलं. थेंब पडत राहिले. बायको घड्याळ बघून घालायची आणि दर वेळी विचारायची, "काय दिसतंय?" काहीच नाही म्हणायचा मला कंटाळा आला, मग मी गप्प बसायला लागलो. चार-पाच दिवसांनी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, तर दुधात उभ्या काळ्या रेघा दिसल्या. मी हात पुढे केला. गज होते. मी गज धरून मोठ्याने रडलो, आणि मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, दुखतंय.

नजर हळूहळू साफ होत गेली. जवळचं काम चष्म्याशिवाय होत नाही, फार बारीक नक्षी मी आता घेत नाही. बाकीची घेतो.

शेवटच्या तपासणीला बायको सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी सहज तिच्याही डोळ्यांवर बॅटरी मारली आणि दोन्हीकडे मोतीबिंदू सुरू झाल्याचं सांगितलं.

"माझे दोन हायत," ती म्हणाली. "एवढी घाई काय?"

घरी येईपर्यंत आम्ही त्यावरून भांडत होतो. अजून तिने तारीख घेतलेली नाही.