चारशे क्विंटलचा चौक

माझ्या साडूंना सोबत घेऊन परदेशी जाण्यापेक्षा माणसानं वारंगा फाट्यावर भर उन्हात उभं राहून आठ दिवस ट्रक मोजावेत. डोकं तरी ठिकाणावर राहतं. हे मी रागानं लिहितोय, आणि राग अजून गेलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, राहणार डोंगरकडा. माझं फाट्यावर खत-बियाण्याचं दुकान. एका कंपनीनं दुकानदारांची इटलीची सहल काढली, तेव्हा साडूंनी पदरच्या खर्चानं स्वतःचं आणि आक्काचं नाव त्यात घातलं. दोघांचे पासपोर्ट आले, आक्काला नवी चप्पल आली, आणि ऐन वेळी तिचे गुडघे धरले. तीस वर्षं उकिडवं बसून शिजवलेली हळद उन्हात पसरायची, उलथायची, भरायची. गुडघे काय लोखंडाचे असतात? "तुमी जा, माझ्यापायी काहून थांबता?" म्हणाली. हे खुशाल निघाले, आणि ती रुसली ती रुसलीच.

आता या गृहस्थाची खोड ऐका. मोकळी जागा दिसली की हे तिथं किती हळद वाळेल याचा हिशोब मांडतात. मुंबईच्या विमानतळाची चकचकीत फरशी पाहून हळहळले, "पाव्हणं, एवढी फरशी छपराखाली वाया घालून राहिलेत!" रोममध्ये जुन्या पडक्या रंगमंडळात गाईड घसा कोरडा करून राजांचा इतिहास सांगतोय, आणि हे दोरी ओलांडून पावलं मोजताहेत. शिपायानं शिट्टी मारली, चाळीस माणसं वळून बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे परत येऊन म्हणतात, "सावली लई हाय. न्हाई जमायचं."

मी दात-ओठ खाऊन सहन केलं. पण सहाव्या दिवशी कहर झाला. डोंगरावरच्या एका गावात दगडी चौक होता, तिथं बस अर्धा तास थांबली. साडू चौक मोजायला गेले ते आलेच नाहीत. मी शोधत गेलो तर कारंज्यापाशी गुडघ्यावर बसून फरशीचा उतार बघताहेत! आम्ही पळत आलो तोवर बस गेली. फोनवर गाईड म्हणाला, दुसरी गाडी पाठवतो, तीन तास लागतील. माझा संयम सुटला. "आग लागो तुमच्या हळदीला! बायको घरी तळमळतेय आणि तुम्हाला जगभर खळीच दिसतात. माणूस आहात का कोण?"

ते चर्चच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी घरी फोन लावला. सहा दिवस हा फोन मी ऐकत होतो. पलीकडून आक्का म्हणायची, "जेवलात का? बरं. ठेवा." एवढंच. आजही तेच म्हणाली असावी, कारण हे घाईघाईनं म्हणाले, "थांब, ठेवू नको. ऐक. चारशे क्विंटलचा चौक हाय. आपल्या खळ्यासारखं पानी तुंबत न्हाई, मधी कारंजं हाय, त्याच्याकडं उतार हाय. चर्चची सावली चारनंतर पडते, पन एकाच कोपऱ्यात. आन् इथं रातीच्या नऊपर्यंत ऊन ऱ्हातं."

मग आक्काचा आवाज मला पायरीवर ऐकू आला, "नऊपर्यंत? खोटं बोलू नका. आन् फरशी तापते का?"

साडूंनी फरशीवर तळहात टेकवला. "तापते ना! आता बी गरम हाय." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. पाऊण तास दोघं बोलत होते. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला चर्च सांगून काय समजंल, पाव्हणं? हळद सांगितली की दिसतं." मला माझ्याच तोंडाची लाज वाटली. पण बस चुकल्याचा राग होताच, म्हणून मी नुसता खाकरलो.

परत आल्यावर दुकानात जो तो विचारायचा, काय बघितलं? मला ती चुकलेली बस सोडून काही आठवेना. परवा डोंगरकड्याला गेलो होतो. आक्का ओसरीत गुडघ्याला तेल चोळत बसली होती. शेजारणीला ती चौक सांगत होती: उतार कुठं, सावली कधी, ऊन कुठवर. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कारंज्याच्या उगवतीला ती तापलेली फरशी, व्हय ना हो?"

मी "व्हय" म्हणालो. कारंजं मी नीट बघितलंच नव्हतं.