समितीपुढं सांगितलेलं नाव

येडगावात भल्या सकाळी धरणाच्या बाजूनं चिमाजी मान खाली घालून येताना दिसला, की त्याला कोणी हाक मारायची नाही, हा गावाचा जुना रिवाज. डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं तोंडातला शब्द गिळत. सायकलवर पाव-बटर विकणारा इस्माईल ओरडायचा थांबून सायकल बाजूला घेई. कोणाचं तरी हाड मोडलंय आणि चिमाजी पाला काढून आणतोय, हे सगळ्यांना समजे. वाटेत बोललं की पाल्याचा गुण जातो. हसायचं त्यानं हसावं. हसणाऱ्यांचेही हातपाय मोडत होते, आणि मोडले की तेही चिमाजीच्याच ओट्यावर येऊन कण्हत होते.

चिमाजी हाडवैद्य होता. थोडी शेती होती, ती बायको साळुबाई बघायची. मोडलेला हात मांडीवर घेऊन तो समोरच्याला बैलांच्या नाहीतर सोयरिकीच्या गप्पांत असा गुंतवी, की हाड कधी बसलं ते कळू नये. मग पाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराची पट्टी. सगळीच हाडं सरळ बसली असंही नाही. शेजारच्या अंजनाचं मनगट जरा तिरकंच राहिलं होतं, आणि ती समोरून आली की चिमाजी दुसरीकडं बघायचा.

हा पाला त्याला गावच्या आधीच्या हाडवैद्यानं, कुंडलिकबाबानं दिला होता. दिला म्हणजे नाव कानात सांगितलं, तेही एकदाच. त्यानंतर बाबानं मरेपर्यंत कोणाच्या हाडाला बोट लावलं नाही. ज्याला नाव सांगितलं त्याच्याकडं गुण गेला, सांगणाऱ्याचा हात रिकामा झाला. आपण थकलो की मुलाच्या, भरतच्या कानात नाव सांगायचं, असं चिमाजीनं ठरवून ठेवलं होतं. भरत नारायणगावात मोटारी दुरुस्त करायचा. त्याला घाई नव्हती, चिमाजीला तर नव्हतीच.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात भरतनं बातमी आणली. कुठल्याशा तालुक्यात एका भोंदूनं बांधलेला पाय सडला, कापावा लागला. त्यावरून सरकारनं नियमांचा मसुदा काढला होता. हाडवैद्याला परवाना लागणार, बिनपरवाना हाड बांधलं तर खटला. हे नियम तपासायला विधिमंडळाची समिती नेमली होती आणि ती जुन्नरला येऊन हाडवैद्यांचं म्हणणं ऐकणार होती.

"आबा, तुमी जायलाच पायजे," भरत म्हणाला. "समितीनं शिफारस केली तर जुन्या लोकांना परवाना मिळंल. न्हाईतर उद्या पोलीस येतील वट्यावर."

"परवानाच नसंल तर तुला काय देऊ मी?" चिमाजी म्हणाला. त्याला पोलिसांपेक्षा त्याचीच धास्ती होती.

जुन्नरच्या विश्रामगृहावर समितीची सकाळ सत्कारातच गेली. शाली झाल्या, नारळ झाले, फेटे झाले. कोणाचं तरी नाव घ्यायचं राहिलं म्हणून रुसवाही झाला. हाडवैद्य बिचारे व्हरांड्यात ताटकळत बसले. चिमाजीला आत बोलावलं तेव्हा पानं वाढायची वेळ झाली होती आणि मटणाचा वास थेट सभेत येत होता. अशी आपल्याकडं कायद्याची तपासणी!

अध्यक्ष मात्र भला माणूस होता. त्यानं चिमाजीला खुर्ची द्यायला लावली.

"बाबा, औषध कोणतं लावता?"

"पाला हाय साहेब."

"कशाचा?"

"नाव सांगता येत न्हाई. सांगितलं तर गुण जातो."

कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष हसला नाही. "बाबा, तुम्ही काय लावता तेच कळलं नाही, तर आम्ही शिफारस कशाच्या जोरावर करायची?"

प्रश्न रास्त होता, आणि तिथंच घात झाला. कोणी उर्मटपणे विचारलं असतं तर चिमाजी सरळ उठून चालता झाला असता. त्यानं मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकून भरत उभा होता.

"सांगा आबा. आपल्याच कामाचं हाय."

भरतच्याही कानावर पडतंय, म्हणजे थोडाफार गुण त्याच्याकडं जाईलच, अशी चिमाजीनं मनाची समजूत घातली. आणि त्यानं नाव सांगितलं.

"अहो, हे तर आमच्या कुंपणाला आहे!" एक आमदार म्हणाले, आणि सगळी सभा मोकळेपणानं हसली. ते नाव इथं लिहवत नाही. सगळे जेवायला उठले.

"काय झालं?" घरी साळुबाईनं विचारलं.

"देऊन आलो," चिमाजी म्हणाला.

पुढच्या वर्षी विधानसभा बरखास्त झाली आणि निवडणुका लागल्या. समितीचा अहवाल मांडायचा राहून गेला, नियम बारगळले. नव्या सभागृहात कोणाला त्याची आठवणही नव्हती. परवाना कोणाला मिळाला नाही आणि कोणाला लागलाही नाही. त्या दिवशी जुन्नरला न गेलेले हाडवैद्य निवांत हाडं बांधत राहिले. भोंदूही बांधत राहिले.

"सुटलो आबा! आता खुशाल बांधा," भरत म्हणाला.

"तुझ्या हातात काय आलं का?" चिमाजीनं विचारलं.

"काय यायचंय?" भरतला प्रश्नच कळला नाही.

चिमाजीनं कामट्या माळ्यावर टाकल्या. येईल त्याला तो नारायणगावच्या दवाखान्यात पाठवू लागला. म्हातारा थकला, असं लोक म्हणाले.

मग एकदा साळुबाई गोठ्यात घसरून पडली. कोणाला न सांगता ती ओट्यावर आली आणि सुजलेलं मनगट तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"दवाखान्यात जाऊ," चिमाजी म्हणाला.

"पाला नगा लावू. तुमी नुसतं हाड बसवा. हाड बसवायचं तर कुणाला सांगितलं न्हाई ना?"

त्यानं बोटं टेकली. मोडल्या जागची कड बोटाला पहिल्यासारखीच लागली. कुठून ओढायचं ते कळत होतं, पण बैलांच्या गप्पा सुचेनात, सोयरिकीच्या सुचेनात. त्यानं तसंच अर्धवट ओढलं आणि साळुबाई किंचाळली. भरतनं धावत येऊन तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि मनगट अगदी सरळ बसलं. चिमाजीला त्याचं बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं.

सकाळी धरणाच्या बाजूला जायची त्याची सवय तेवढी सुटली नाही. आणायचं काहीच नसे. मान आता आपसूकच खाली असायची. आणि गाव गप्प राही. न जाणो, चिमाजी पुन्हा बांधायला लागला असेल, या आशेनं लोक वाट सोडत. ती शांतता त्याला सोसवत नसे.

एका सकाळी तो इस्माईलच्या सायकलीपुढं थांबला. "इस्माईल, बोल की रं कायतरी," तो म्हणाला.

इस्माईलनं घाबरून तोंडावर हात ठेवला आणि सायकल बाजूला घेतली.