रावसाचं डोकं

मुलाने काल सॅल्मनचे गुलाबी तुकडे आणले, डब्यातले, बिनडोक्याचे. तव्यावर पडताच उठलेल्या वासाने मी थेट भिवंडीला, खाडीकाठच्या सासरी पोचले.

हाच मुलगा तेव्हा पोटात होता. ताजे मासे खा, बाळाच्या मेंदूला चांगले, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सासऱ्यांनी रावस आणला, सासूबाईंनी कैरी घालून कालवण केलं. आमच्याकडे डोकं नेहमी सासऱ्यांच्याच ताटात जायचं. त्या दुपारी त्यांनी ते उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"खा पोरी, तुला गरज हाय."

दिरांचा हात तोंडाशी थांबला. वीज गेल्यामुळे शेजारचे कापड विणायचे लूम बंद होते, आणि ती शांतता मला सोसवेना. मी मान खाली घालून खाल्लं. इतका मोठा मान मला कुणी दिला नव्हता.

मागच्या दारी भांडी घासताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "कसं लागलं गो?"

"मीठ अगदी बरोबर होतं, आई."

"मिठाचं न्हाय इचारत. डोकं कसं लागतं?"

चार बाळंतपणं झालेली ती बाई, जन्मभर रावस रांधत आलेली. हातातलं ताट माझ्याकडून निसटलं.