उडी तिची, पळणं त्याचं

गल्लीत तिला सगळे बटणताई म्हणतात. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे येतात, ती काजं पाडते, बटणं लावते आणि गठ्ठे परत पाठवते. दिवसभर मशीनची कटकट आणि वर तिच्या तोंडाची, असं तिची लेक म्हणते. बाई तशी फटकळच. पण बुटक्याचा तो जुना खेळ पुन्हा नव्याने आलाय एवढं नुसतं तिच्या कानावर पडू द्या, हातातला शर्ट तसाच राहिला म्हणून समजा.

खेळ साधा. लाल बूट घातलेला एक बुटका टीव्हीच्या डाव्या कडेकडून उजवीकडे पळत सुटतो. वाटेत खड्डे, काटेरी गोगलगायी, हवेत तरंगणाऱ्या विटा. मागे फिरायची सोय नाही, चित्र पुढे सरकलं की मागचं गेलं ते गेलंच. शेवटी एक किल्ला, किल्ल्यात पाय ठेवताच ढासळायला लागणारा पूल आणि पुलापलीकडे एक दार. त्या दारामागे काय आहे हे बटणताईला लहानपणापासून बघायचंय. ऐकायचं नाही, बघायचंय. लेक एकदा म्हणाली, थांब, फोनवर शोधून दाखवते, तर हिने फोनच हिसकावून घेतला.

तुम्ही म्हणाल, मग खेळायचं की. इथेच तर घोडं पेंड खातं.

लहानपणी माहेरच्या घरात तो खेळ आला तेव्हा त्याच्यासोबत दोन कंट्रोलर होते. एकावर वडील खुर्ची टेकवून बसले, तो संपला. उरला एक आणि भावंडं दोन, ही आणि दादा, त्यामुळे रोजची हाणामारी. आईचा न्याय सरळ होता, वस्तू एक असली की अर्धी अर्धी. तिने दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि सांगितलं, डावी बाजू दादाची, उजवी हिची. डावीकडे पळायची बटणं, उजवीकडे उडीचं. म्हणजे पळायचं दादाने आणि उडी मारायची हिने. शहाण्या घरात असली वाटणी चार दिवस टिकली नसती. या घरात ती जन्माला पुरली. दोघं खांद्याला खांदा लावून त्या एका बुटक्याला असे पळवायचे की शेजारची पोरं आपले खेळ टाकून बघायला यायची.

फक्त तो पूल काही पार होईना. शेवटच्या तुटक्या फळीपाशी बुटका दर वेळी खाली. "तू उडी उशिरा मारलीस." "तू पळायचा थांबलास." हा वाद रोजचा. मग एके दिवशी यंत्रातून धूर निघाला आणि खेळ बंद पडला. वाद तेवढा चालू राहिला.

पुढे दादा लांब पल्ल्याची बस चालवायला लागला, हिने दुकान थाटलं. खेळ मात्र नवी नवी रूपं घेऊन येत राहिला. आधी मोबाईलमध्ये आला, मग तळहाताएवढ्या डबीत आला. दर वेळी बटणताई हुरळून जायची आणि दर वेळी पहिल्याच खड्ड्यात आपटायची. तिचा उजवा अंगठा झोपेतसुद्धा चुकायचा नाही, पण डाव्याने आयुष्यात कधी बुटक्याला एक पाऊल चालवलेलं नव्हतं. बुटका जागच्या जागी टुणटुण उड्या मारत बसायचा आणि लेक हसून लोळायची.

"मामाला बोलाव ना मग."

हे ऐकलं की बटणताई खाली टाकलेला शर्ट पुन्हा हातात घ्यायची. दादाशी अबोला होता. तिने दुकान दुसरीकडे हलवलं, ते त्याला तिऱ्हाइताकडून कळलं आणि तो फुगून बसला. तिने फोन करावा, असं त्याचं म्हणणं. मोठा तो आहे, त्याने करावा, असं हिचं. एकाच आईची पोरं, कुणी ऐकायचं? अशी वर्षं गेली आणि एक दिवस कळलं की दादा घर बंद करून कायमचा मुलाकडे परगावी निघालाय.

नेमका त्याच आठवड्यात खेळ परत आला, नवे रंग आणि नवं संगीत लेवून. लेकीने तो घरी आणला आणि आईला न विचारता मामाला फोन लावला. "मामा, तुझी गाडी आमच्याच गल्लीवरून जाणार ना? जरा वर ये. आई पहिल्याच खड्ड्यात पडतेय, मला बघवत नाही."

दादा आला, तो दारातच उभा राहिला. "मी बसणार नाही. सामान भरून झालं की गाडी इथेच येतेय."

"कोण आग्रह करतंय," बटणताई म्हणाली आणि सोफ्यावर उजवीकडे सरकली. डावीकडची जागा मोकळी झाली. दादाने त्या जागेकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं. बुटका वाट बघत उभा होता. दादाने चपला काढल्या.

आणि काय सांगू तुम्हाला, कंट्रोलर दोघांच्या मध्ये आला मात्र, अंगठ्यांनी मधली सगळी वर्षं पुसून टाकली. खड्डा आला, टुण. गोगलगाय आली, टुण. दादा पळवतोय, ही उडवतेय, एकमेकांकडे बघायचीही गरज नाही. "वीट, वीट," दादा ओरडला तोवर ही विटेवर पोचलेली. लेक खुर्ची सोडून जमिनीवर येऊन बसली. बटणताईच्या मनात मात्र एकच धाकधूक. दादा गेल्यावर हा अर्धा हात कुठून आणायचा? पूल आज पार झाला तर झाला.

किल्ला आला. पूल ढासळायला लागला. बुटका शेवटच्या फळीपाशी पोचला आणि गेला खाली.

"तू उडी उशिरा मारलीस."

"तू पळायचा थांबलास."

"एक मिनिट," लेक म्हणाली. "या नव्या खेळात मागे नेऊन बघता येतं." तिने एक बटण दाबलं आणि बुटका खड्ड्यातून उलटा वर आला. दोघं भावंडं बघतच राहिली. तिने तोच प्रसंग सावकाश लावला. बुटका फळीच्या टोकाशी चक्क थांबला होता. ना पाऊल, ना उडी.

"मामा, तू का थांबलास?"

"ही उडी मारेल म्हणून. तो हवेत गेला की मी पुढे दाबणार होतो."

"आणि आई, तू?"

"हा पळाला की मी मारणार होते."

"म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत बसलात आणि तेवढ्यात पूल गेला."

ही नुसती पुलाची गोष्ट नाही, हे दोघांनाही कळलं होतं. दादा घसा खाकरून खिडकीकडे बघायला लागला. खालून हॉर्न वाजला.

"इथूनच पुढे खेळा," लेक म्हणाली.

"नाही. किल्ल्याच्या तोंडापासून," दादा म्हणाला. मग बहिणीला म्हणाला, "मी थांबणार नाही. काय वाटेल ते झालं तरी."

"मी पण तुझी वाट बघणार नाही," बटणताई म्हणाली.

पूल कोसळत होता, हॉर्न वाजत होता. दादाचा अंगठा बटणावर पांढरा पडला, बुटका सुसाट सुटला, फळी संपली आणि हिने उडी मारली. बुटका हवेत, खाली काळोख. मग लाल बूट पलीकडच्या दगडावर टेकले. बटणताई सोफ्यावर उभी राहिली. दादाने लेकीची वेणीच ओढली, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

दार उघडलं. आत रिकामी खोली. बुटक्याने वाकून नमस्कार केला, आभार मानले आणि विचारलं, पुन्हा सुरुवातीपासून खेळणार?

"एवढंच?" बटणताई म्हणाली.

दादा इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चपला घालतानाही तो हसत होता. गाडी वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती.

संध्याकाळी तिने मशीन झाकलं आणि फोन हातात घेतला. पोचू दे, सामान लावू दे, मग तोच करेल, असं मनात आलं. मग तिचं तिलाच हसू आलं आणि तिने नंबर लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. तिसऱ्यांदाही तेच. "बघ, पोचला नाही तोच कुणाशी गप्पा ठोकत बसलाय," ती फणकारली.

"आई, फोन जरा खाली ठेव," लेक आपल्या मोबाईलकडे बघत म्हणाली. "मामाचा मेसेज आलाय. विचारतोय, हिचा फोन मघापासून बिझी का लागतोय?"